पांढरीच्या ब्रीदरला डबा

गाडी १५८२ सीसीची टर्बो डिझेल सेडान, २०१४ ची. नोंदी सुरू केल्या तेव्हा मीटरवर १,१८,४०० किलोमीटर. घरात तिला पांढरी म्हणतात, म्हणून इथंही तेच. इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीला, म्हणजे ब्रीदरला, ऑइल अडवणारा डबा लावला, त्याच्या या नोंदी.

१४ जानेवारी २०२४, रविवार

गड्ड्यामुळं, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या यात्रेमुळं, होम मैदानाकडचे रस्ते बंद, गाडी काढण्यात अर्थ नव्हता. मग अंगणातच एअर फिल्टर बदलायला घेतला. फिल्टर पाच मिनिटांत झाला. सहज म्हणून फिल्टरपासून टर्बोकडं, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याकडं, जाणाऱ्या पाइपात बोट घातलं, तर बोट काळं निघालं. मग राहवेना. ती दाबलेली गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरची खालची होज सोडली आणि खाली ठेवलेल्या ताटलीत टपटप काळं ऑइल पडायला लागलं.

यात्रेत अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक असतो. पांढरीनं इंटरकूलरला वर्षानुवर्षं घातला, तोही न सांगता.

येतं कुठून ते आधी लिहून ठेवतो. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळलेल्या वायूतला थोडा भाग पिस्टनच्या कडेनं खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असतं त्या भागात, उतरतोच. गॅरेजवाले त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. तो चेंबरमध्ये कोंडला तर ऑइल सील फाडून बाहेर येईल, म्हणून टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणावर, ब्रीदरची नळी ठेवलेली असते. पूर्वीच्या गाड्यांत ही नळी सरळ रस्त्याकडं सोडलेली असायची. प्रदूषणाचे नियम आल्यावर, म्हणजे १९६० च्या दशकापासून, ती फिरवून इंजिनाच्या इन्टेकमध्ये, हवा आत ओढायच्या वाटेत, जोडायला लागले, म्हणजे घाण परत आत जाऊन जळून जावी. कल्पना चांगली आहे. अडचण एवढीच की वायूबरोबर ऑइलचं धुकंही जातं. माझ्या गाडीत नळी टर्बोच्या आधी जोडलेली आहे, त्यामुळं धुकं टर्बोतून, इंटरकूलरमधून, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डपर्यंत पोचतं. तिथं ईजीआरमधून (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था) आलेली काजळी वाट बघत असते. काजळी आणि ऑइल मिळून जे होतं ते हातानं खरवडलेल्याला विचारा. डांबरच.

साध्या पेट्रोल गाडीत पेट्रोलचा फवारा इन्टेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पडतो, व्हॉल्व्ह धुतला जातो. डिझेलमध्ये आणि थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनात ती धुलाईच नाही.

उपाय ठरलेला: ब्रीदर आणि इन्टेकच्या मध्ये एक डबा. धुकं त्यात अडकून खाली साचावं, वायू पुढं जावा.

२१ जानेवारी

डबा लावण्याआधी जुन्या पुणे नाक्याच्या मेकॅनिक चाचांना गाडी दाखवली. त्यांनी इंजिन आयडलवर ठेवून ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर उलटं ठेवून दिलं. झाकण नुसतं थरथरलं, उडालं नाही.

"रिंगा चांगल्या हायती. झाकण नाचलं असतं तर तुझा डबा नुसता बादली झाला असता, रोज रिकामा करत बसला असतास."

मग म्हणाले, यात नवीन ते काय, जुन्या बुलेटला कंपनीच असला डबा लावून द्यायची. खरंच की. मामांच्या बुलेटवर मीच तो पुसलाय, फक्त तेव्हा तो कशाला आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

४ फेब्रुवारी

इंटरकूलर काढला. दोन तास बोल्ट काढण्यात, त्यातला पाऊण तास एकाच बोल्टवर. आत साधारण ८० मिली ऑइल निघालं. डिझेलनं दोनदा खंगाळला, मग साबणपाणी, मग दोन दिवस गच्चीवर उन्हात उलटा. घाई करून ओला बसवायचा नाही. आत राहिलेलं डिझेल इंजिन स्वतःहून ओढून घेतं आणि किल्ली बंद केली तरी बंद होत नाही.

पुसायला एमआयडीसीतून किलोवर मिळणारं टॉवेलचं वेस्ट आणलं होतं. ऑइल टिपायला टेरी टॉवेलच्या काठाइतकं चांगलं काही नाही. या बाबतीत सोलापूरकर नशीबवान आहेत.

१८ फेब्रुवारी

ऑनलाइन मागवलेला किट आला, २,२०० रुपये. काळा चकचकीत डबा, निळी वेणीदार नळी, चार क्लिपा. दिसायला झकास. झाकण उघडलं तर आत काहीच नाही, रिकामी डबी. वायू एका भोकातून शिरून शेजारच्या भोकातून निघून जाणार, ऑइलनं थांबावं कशासाठी? म्हणून स्वयंपाकघरातली तारेची घासणी आत कोंबली. ही माझी पहिली चूक, पण ती दीड महिन्यांनी कळली.

३ मार्च, रविवार

डबा बसवला. बॅटरीच्या ट्रेजवळ एक रिकामा सहा नंबरचा बोल्ट आहे, त्यावर पट्टीचा ब्रॅकेट. ब्रीदरची मूळ नळी सहा सुताची, म्हणजे आतून १९ मिमी. किटच्या डब्याची तोंडं आतून १० मिमीची. किटमध्ये जोडणी दिलेली होती, जाड नळीवरून बारीकवर येणारी. बसली एकदाची. नळी जरा लांब होती, ती बॅटरीखालून वळवून घेतली, दिसायला नीट दिसावं म्हणून.

शेजारचा संतोष कंपाउंडवरून वाकून बघत होता. "काय करलालास बे? गाडीला सलाईन लावलालास?"

२३ मार्च

३४० किमी झाले. डब्यात चमचाभर ऑइल. मी खूश. मग डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघायला गेलो तर डिपस्टिकच्या नळीच्या तोंडाशी ओलं. पुसलं. होटगी रोडनं विमानतळापर्यंत जाऊन आलो. परत ओलं. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटच्या कोपऱ्यातही चकाकी. आधी हे नव्हतं.

म्हणजे चेंबरमधला वायू डिपस्टिकच्या वाटेनं बाहेर पडायला बघतोय. दार बंद केल्यावर माणूस खिडकीतून येतो तसं.

३१ मार्च

आज अंदाजानं नाही, मोजून बघायचं ठरवलं. मत्स्यालयाच्या दुकानातून दोन मीटर पारदर्शक नळी आणली, २० रुपये मीटर. फळीवर ती इंग्रजी यू सारखी वाकवून चिकटपट्टीनं बसवली, मागं मुलीची शाळेची पट्टी. नळीत निळीचं पाणी अर्ध्यापर्यंत. एक टोक उघडं, दुसरं डिपस्टिकच्या नळीवर घट्ट. चेंबरमध्ये दाब असेल तर पाणी उघड्या बाजूला चढतं, ओढ असेल तर इंजिनाच्या बाजूला. फळी चेंबरपेक्षा खाली धरायची, म्हणजे चुकून जोरात ओढलं तरी पाणी इंजिनात जाणार नाही.

जागेवर उभं करून, बायको अॅक्सिलरेटरवर, मी फळीसमोर उकिडवा:

डबा काढून, मूळ नळी लावून: आयडलला ओढ ८ मिमी, ३,००० आरपीएमला ओढ ३५ मिमी.

डबा लावून: आयडलला दाब १५ मिमी, ३,००० ला दाब ७० मिमी. पाणी उघड्या टोकातून उडेल की काय असं वाटलं.

निळ्या पाण्याची ती उडी बघून पोटात गोळा आला. तीन आठवडे मी इंजिनाचं नाक दाबून वर डब्यात तेल जमतंय म्हणून आनंद करत होतो.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. १९ मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ साधारण २८३ चौरस मिमी, १० मिमीच्या भोकाचं ७८. वाट पावपटीवर आली. त्यातून घासणी ऑइलनं चिंब होऊन चिकटलेली. आणि ती बॅटरीखालून वळवलेली सुंदर नळी? तिच्या झोळीत ऑइल साचलं होतं, मोरीच्या सापळ्यात पाणी राहतं तसं. वायूला प्रत्येक वेळी त्या ऑइलमधून बुडबुडे काढत जावं लागत होतं.

घासणीचं आणखी एक. बाहेर काढताना तिचे बारीक तुकडे हाताला टोचले. असला एखादा तुकडा पुढं सुटला असता तर सरळ टर्बोच्या चाकावर, जे मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. देव पावला.

डबा काढून ठेवला. मूळ नळी परत.

९ एप्रिल, पाडवा

काम नाही. गाडी पुसून हार घातला. आईनं ब्रीदरच्या नळीलाही कुंकू लावलं, "याच्यामागं एवढा लागलायस तर त्यालाही लाव."

गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगही उरकलं, ऑइल नवं.

१३ एप्रिल

अक्कलकोट रोड एमआयडीसीत अण्णांच्या लेथवर सकाळ गेली. अण्णांचं मुख्य काम यंत्रमागाचे पार्ट. घरात तेलुगू, दुकानात मराठी, पोरांवर ओरडताना कानडी. माझं वहीतलं चित्र त्यांनी एकदा बघितलं आणि बाजूला ठेवलं.

"मागाला तेल घालायचं काम आमचं. तेल काढायचं काम पहिल्यांदाच आलं."

डबा असा: ७५ मिमी बाहेरचा व्यास असलेला अॅल्युमिनियमचा पाइप, जाडी ३ मिमी, आत उंची १५० मिमी. म्हणजे साधारण साडेपाचशे मिली. दोन्ही तोंडं पूर्ण १९ मिमीची, यावर तडजोड नाही. येणारी नळी आत निम्म्यापर्यंत खाली उतरते, त्यामुळं वायूला आधी खाली आणि मग वळून वर जावं लागतं. वळताना जड थेंब भिंतीवर आपटतात. वर भोकं पाडलेली आडवी चकती, तिच्यावर विणलेल्या स्टेनलेस जाळीचा सैल गोळा, त्याच्यावर आणखी एक चकती, म्हणजे जाळीचा धागा सुटला तरी बाहेर जाणार नाही. जाण्याचं तोंड सगळ्यात वर. तळाला दोन सुताचा बॉल व्हॉल्व्ह.

अण्णांनी एक सुधारणा सुचवली जी माझ्या डोक्यात नव्हती: तळ सपाट न ठेवता जरासा कपासारखा, मध्ये खोल, म्हणजे ऑइल पूर्ण निथळेल. टिगनं वेल्डिंग त्यांच्या पोरानं केलं. शिवण अशी की वरून बोट फिरवलं तरी अडकत नाही. मग डबा पाण्यात बुडवून हवा भरून बुडबुडे बघितले. एक सुईएवढा निघाला, तो परत भरला.

सगळे मिळून १,४०० रुपये. "मटेरियल भंगारातलं, मजुरी ओळखीची."

दुपारी बसवला. यावेळी नळीवर कंजूषी केली नाही, ऑइल आणि इंधन सोसणारी नायट्राइल रबराची घेतली. किटची निळी नळी महिनाभरात उन्हानं आणि ऑइलनं मऊ होऊन वळणावर चपटी झाली होती. रेडिएटरच्या हीटरची नळी वापरू का म्हणून विचार केला होता, पण तिचं रबर पाण्यासाठी असतं, ऑइलमध्ये फुगतं. डबा ब्रीदरच्या तोंडापेक्षा खाली, नळी तिथून सरळ उतरत डब्यात, कुठंही झोळी नाही. परतीची नळी डब्यातून चढत इन्टेककडं. डबा बॉडीला बांधलाय आणि इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून नळीला दोन बोटं ढील. ब्रॅकेटखाली रबरी बुश.

मग फळी. आयडलला ओढ ६ मिमी. ३,००० ला ओढ २७ मिमी.

मूळ नळीपेक्षा थोडी कमी, पण ओढच. संध्याकाळी डिपस्टिकचं तोंड कोरडं. संतोषला बोलावून फळी दाखवली. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

५ मे

पहिले १,००० किमी, बहुतेक गावातले: सात रस्ता, विजापूर रोड, नवी पेठ, परत. १८ मिली. काळं, पातळ, डिझेलचा किंचित वास. ते साठवायला शेंगाचटणीची रिकामी बरणी घेतली आणि बाहेर कागद चिकटवला: तारीख, किलोमीटर, मिली.

१९ मे

पुण्याला जाऊन आलो, ५२० किमी. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश, एसी पूर्ण, टेंभुर्णीपर्यंत ट्रकांच्या मागं आणि मग भिगवणपर्यंत मोकळा रस्ता. घरी येऊन व्हॉल्व्ह उघडला: २१ मिली. गावात हजार किलोमीटरला जेवढं आलं त्याहून जास्त निम्म्या अंतरात. जास्त आरपीएम, जास्त भार, जास्त वायू, हे बरोबर. तरी आकडा जरा मोठा वाटतोय.

डबा हाताला लागला तर गरम, पण धरता येतो. टर्बोपासून लांब बसवला याचा फायदा.

२१ जुलै

आषाढीची गर्दी ओसरल्यावर पंढरपूरला जाऊन आलो. ११ मिली. क्लिपा घट्ट केल्या. बाकी काही नाही.

११ ऑगस्ट

पुण्याच्या आकड्याचा उलगडा आज झाला आणि तो डब्यात नव्हताच.

गाडी रात्रभर सपाट जागी उभी होती, सकाळी थंड इंजिनावर डिपस्टिक काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर! आधी वाटलं, ऑइलमध्ये डिझेल मिसळतंय. वास घेतला, बोटात चोळून बघितलं, थेंब टिपकागदावर टाकून कडेला डिझेलचं वर्तुळ पसरतंय का बघितलं. तसं काही नाही. मग एप्रिलचं सर्व्हिसिंगचं बिल काढलं. पुस्तकात फिल्टरसकट ५.३ लिटर लिहिलंय, बिलात सहा लिटर. डबे फोडले आणि सगळे ओतले, उरलेलं कशाला ठेवायचं. त्यांनी ओतलं हे खरं, पण चार महिने डिपस्टिक न बघता डब्यातले मिली मोजत बसलो तो मीच.

पातळी वाढली की फिरणारा क्रँक ऑइलच्या जवळ येतो, ऑइल घुसळलं जातं, धुकं वाढतं. डिझेलमध्ये हे गमतीवर नेऊ नये. इन्टेकमध्ये ऑइल जास्तच गेलं तर इंजिन तेच जाळून सुटतं, किल्ली बंद करून थांबत नाही. आणि डबा भरून ओसंडला तर तोही तेच करणार. म्हणून व्हॉल्व्हचा दिवस कॅलेंडरवर लिहिलाय, लक्षात राहील यावर सोडलेला नाही.

मोठी सिरिंज आणि बारीक नळी डिपस्टिकमधून घालून ६५० मिली काढलं. पातळी दोन खुणांच्या मध्ये, किंचित वर.

१ सप्टेंबर

परत पुणे, तेवढंच अंतर. ऊन कमी होतं हे मान्य, पण रस्ता तोच, पाय तोच. ९ मिली.

म्हणजे मेमध्ये अडवलेल्या ऑइलपैकी बरंचसं मुळात तिथं यायलाच नको होतं. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "डबा लावायच्या आधी डिपस्टिक बघायची असती." हे जानेवारीत सांगायला काय झालं होतं ते विचारलं नाही.

२२ डिसेंबर

थंडीत सकाळी मुलीला शाळेत सोडणं, भाजी, परत. इंजिन नीट तापतच नाही. व्हॉल्व्ह उघडला तर आधी पाण्याचे थेंब आणि मग दुधाळ तपकिरी साय, गार झालेल्या चहावर येते तशी. घाबरलो नाही. हेड गॅस्केट गेलं असतं तर कूलंट कमी झालं असतं, ते जागेवर आहे. ही जळणातून आलेली वाफ, थंड डब्यात जमलेली. परवा तुळजापूरला जाऊन आलो, नव्वद किलोमीटर, त्यानंतर डब्यात फक्त ऑइल.

१९ जानेवारी २०२५

वर्ष झालं, म्हणून तीच खालची होज परत सोडली. खाली तीच ताटली. आतून पुसल्यावर टॉवेलच्या तुकड्याला तपकिरी डाग, ताटलीत थेंब पडला नाही. डबा लागल्यापासून साधारण ११,००० किमी, बरणीत एकूण १३० मिलीच्या आसपास.

विचारणाऱ्यांसाठी: अॅव्हरेज वाढलं नाही, पिकअप वाढला नाही, धूर तेवढाच. पीयूसीत डिझेलचा धूरच मोजतात, त्या आकड्यातही फरक नाही. मॅनिफोल्डमध्ये आधीची दहा वर्षांची काजळी आहे ती तशीच आहे, डबा ती खरवडत नाही. फळी मात्र ठेवलीय. गेल्या महिन्यात दोन मित्रांनी आपापले चकचकीत डबे घेऊन गाड्या आणल्या होत्या, त्यातल्या एकाचा पाणी चढताना बघून चेहरा उतरला. त्याला अण्णांचा पत्ता दिला.

बरणी गॅलरीत ठेवली होती. आज पाहुणे आले, आईनं भाकरीबरोबर चटणी काढायला तीच उचलली. झाकण उघडल्यावर वासानं थांबली. ऑइल चाचांकडच्या पिंपात ओतून आलो, त्यांच्याकडून जुनं ऑइल नेणारा येतो. उद्यापासून प्लॅस्टिकची बाटली, वर लाल अक्षरात "खायचं नाही".